नाकुरू वगळू नका, पण एका दुपारीत उरकूही नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत आठ दिवसांसाठी केनियाला जाताय. सोबत सत्तरीकडे झुकलेले आई-बाबा आहेत. पक्षी बघण्याचा अनुभव म्हणजे भिगवणच्या काही हिवाळी फेऱ्या. सहल कंपनीने मसाई मारा, अंबोसेली आणि लेक नाकुरू राष्ट्रीय उद्यान असा कार्यक्रम दिलाय, त्यात नाकुरूच्या वाट्याला एकच दुपार आली आहे. त्यातच कुणीतरी सांगितलं की नाकुरूत आता फ्लेमिंगो राहिलेले नाहीत. तेव्हा नाकुरू वगळून तो वेळ अंबोसेलीला द्यावा का?

माझं मत अगदी उलट आहे. नाकुरूला दोन मुक्काम द्या आणि काही कापायचंच असेल तर अंबोसेली कापा. मी बरीच वर्षं मराठी पक्षीमित्रांना घेऊन रिफ्ट व्हॅलीतल्या, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या लांबलचक खचदरीतल्या, सरोवरांवर जातो आहे. सगळ्यात जास्त अन्याय होतो तो नाकुरूवर. लोक गुलाबी काठाचा जुना फोटो डोक्यात ठेवून येतात, दुपारी तीनला आत शिरतात, सहाला बाहेर पडतात आणि 'काही नव्हतं हो' म्हणून सांगत सुटतात. तिथे बघण्यासारखं भरपूर असतं. वेळ चुकलेली असते आणि अपेक्षाही.

फ्लेमिंगोंचं आधी स्पष्ट करून टाकतो. नाकुरूतून पाणी बाहेर वाहून जायला वाट नाही. मकालिया, न्जोरो, न्देरित अशा छोट्या नद्या आत येतात, पाणी उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. लोणारला गेला असाल तर हा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. तिथलं पाणीही असंच खारं आणि अल्कलीयुक्त. अशा पाण्यात मासे, वनस्पती फारसं काही तगत नाही, पण एक सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ मात्र भरभरून वाढतं. औषधांच्या दुकानात स्पायरुलिनाच्या गोळ्या मिळतात, ते हेच. लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, जवळजवळ पूर्णपणे या शेवाळावर जगतो. डोकं उलटं करून चोच पाण्याच्या वरच्या थरात धरायची, जिभेने पाणी आत ओढायचं, चोचीतल्या बारीक जाळीतून बाहेर ढकलायचं आणि जाळीत अडकलेलं शेवाळ गिळायचं, हे दिवसभर चाललेलं असतं. शेवाळ दाट असेल तर पक्षी लाखांनी जमतात. ते विरळ झालं की एका रात्रीत उठून दुसऱ्या सरोवरावर जातात. त्यांचे हे मोठे प्रवास बहुतेक रात्रीच होतात, त्यामुळे काल गजबजलेला काठ सकाळी रिकामा दिसला तर त्यात नवल नाही.

साधारण २०१० पासून रिफ्ट व्हॅलीतल्या सरोवरांचं पाणी वाढत गेलं. पाणलोट क्षेत्रात जोरदार पाऊस झाला, वरच्या भागातली जंगलतोड आणि मातीची धूप यांचीही त्यात भर पडली. नाकुरूचा विस्तार दीडपटीहून जास्त झाला. जुनं मुख्य प्रवेशद्वार आणि उद्यानाची कार्यालयं पाण्यात गेली, काठाने जाणारा रस्ता बुडाला, पिवळ्या खोडांच्या बाभळी उभ्या जागी मेल्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की गोडं पाणी मिसळल्याने क्षार पातळ झाले, शेवाळाचं पीक घटलं आणि लहान रोहित बोगोरिया, एलेमेंटाइटा, टांझानियातलं नेट्रॉन अशा दुसऱ्या सरोवरांकडे पांगले. म्हणजे 'राहिलेले नाहीत' हे पूर्ण खरं नाही. काही शे, कधी काही हजार दिसतात, कधी एखाद्या कोपऱ्यात चांगली गर्दी होते. पण लाखोंचा थवा नाकुरूवर मिळेलच असं तुम्हाला कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून नाकुरूला एकटं सरोवर समजू नका. नाकुरू, एलेमेंटाइटा आणि बोगोरिया या तिघांना मिळून २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, आणि पक्षीही या तिघांना एकत्रच वापरतात. पांढऱ्या पेलिकनचंच बघा. ते घरटी घालतात एलेमेंटाइटाच्या खडकाळ बेटांवर, कारण तिथे शिकारी जनावर पोचत नाही. पण त्या पाण्यात त्यांना पुरतील एवढे मासे नसतात. मग ते रोज उडून नाकुरूला जेवायला येतात. नाकुरूत तरी मासे कुठून आले? १९५०-६० च्या दशकांत डासांचा बंदोबस्त म्हणून खाऱ्या पाण्यात तगणारा तिलापिया तिथे सोडला गेला. डासांचं काय झालं ते बाजूला ठेवू, पण पेलिकन, पाणकावळे, मत्स्यगरुड यांची सोय झाली. आता पाणी पातळ झाल्यावर गोड्या पाण्यातले मासेही शिरलेत. फ्लेमिंगो कमी झाले त्याच काळात मासे खाणारे पक्षी वाढले, आणि बुडून मेलेल्या त्या बाभळींवर पाणकावळ्यांच्या वसाहती बसल्या. मला तर हे बदलतं सरोवर बघायला जुन्या गुलाबी काठाइतकंच आवडतं. एक परिसंस्था तुमच्या डोळ्यांदेखत कूस बदलते आहे.

पेलिकनांची मासेमारी मिळाली तर गाडी तिथेच थांबवा आणि अर्धा तास हलू नका. दहा-पंधरा पक्षी पाण्यावर अर्धवर्तुळ करतात आणि मासे उथळ पाण्याकडे रेटत नेतात. पंख किंचित उचललेले असतात. मग एका क्षणी सगळ्यांच्या चोची एकदम पाण्यात जातात आणि एकदमच वर येतात. चोचीखालची पिशवी पाण्याने फुगलेली असते. पक्षी चोच छातीला टेकवून आधी पाणी सांडू देतो, मग मान वर करून मासा गिळतो. बुडणाऱ्या पहिल्या चोचीकडे नजर ठेवलीत तर पुढच्या वेळचा क्षण तुम्हाला आधीच कळेल, आणि कॅमेऱ्याचं बटण वेळेवर दाबता येईल. मागे पाणकावळे आणि बगळे उरलंसुरलं टिपायला हजर असतातच. जमीन तापून हवा वर चढू लागली की, म्हणजे साडेनऊ-दहाच्या सुमारास, दक्षिण-पूर्वेच्या आकाशात दुर्बीण लावा. एलेमेंटाइटाकडून येणारे पेलिकन घिरट्या घेत उंच चढताना दिसतात.

आता उद्यानाबद्दल. नाकुरू शहराला खेटून १८८ चौरस किलोमीटरचं हे उद्यान आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १,७५० मीटर उंचीवर. १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९० मध्ये केनियातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. १९८७ मध्ये इथे गेंड्यांचं अभयारण्य करण्यात आलं आणि सगळीकडून विजेचं कुंपण घातलं गेलं. कुंपणाने एक गोष्ट गेली, ती म्हणजे जनावरांची ये-जा. इथे हत्ती नाहीत, त्यामुळे हत्ती मारातच बघून घ्या. पण कुंपणामुळे गेंडे वाचले. काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे एकाच दिवशी बघायला मिळण्याची शक्यता केनियात ज्या थोड्या ठिकाणी आहे, त्यांत नाकुरूचा क्रमांक फार वरचा. निव्वळ यासाठीसुद्धा मी नाकुरू वगळणार नाही.

दोघांतला फरक रंगावरून करू नका, दोघेही चिखलाच्या रंगाचे असतात. ओठ बघा. पांढऱ्याचा ओठ रुंद आणि सरळ, गवत कापायला बनवलेला. तो डोकं खाली घालून मोकळ्या गवतात चरतो आणि बहुधा दोन-चारच्या गटात असतो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, फांद्या पकडून ओढायला सोयीचा. तो झुडपांच्या कडेला एकटा असतो, डोकं वर धरून. पिल्लू सोबत असेल तर आणखी सोपं: पांढऱ्याचं पिल्लू सहसा आईच्या पुढे पळतं, काळ्याचं मागे. पांढरे तुम्हाला दक्षिणेकडच्या काठावरच्या गवतात दिवसाउजेडी दिसतील. काळ्यासाठी पहाटे लवकर किंवा संध्याकाळी उशिरा झुडपांच्या कडा धुंडाळाव्या लागतात. गेंड्याच्या पाठीवर लाल किंवा पिवळ्या चोचीचे ऑक्सपेकर, म्हणजे जनावरांच्या अंगावरच्या गोचिड्या टिपणारे पक्षी, दिसले तर त्यांचाही आवाज ऐका. ते फुत्कारल्यासारखं करून उडाले की गेंडा लगेच सावध होतो, कारण त्याची नजर अधू आणि कान तिखट. त्या वेळी गाडीत कुणी बोलू नये.

जिराफही निरखून बघा. इथले जिराफ रॉथशिल्ड जातीचे, १९७० च्या दशकात इथे आणून सोडलेले. गुडघ्याखाली पायांवर नक्षी नसते, पांढरे मोजे घातल्यासारखे पाय दिसतात. मारातल्या मसाई जिराफाची फाटक्या कडांची नक्षी आधी पाहिली असेल तर फरक चटकन लक्षात येतो. काळ्या-पांढऱ्या लांब केसांची कोलोबस माकडं बाभळींच्या शेंड्यांवर सापडतात, आणि त्याच पिवळ्या खोडांच्या आडव्या फांद्यांवर बिबट्यासाठी नजर फिरवत राहा. खाली लोंबणारी शेपटी शोधा, बिबट्या मागाहून दिसतो. इथले सिंहही कधीकधी झाडावर चढून बसतात, तेव्हा फांद्या चाळणं वाया जात नाही.

पक्ष्यांबद्दल लिहायला बसलो तर थांबणं कठीण. उद्यानात चारशेहून जास्त जातींची नोंद आहे. तुमच्यासारख्या भिगवण बघितलेल्या माणसाला इथे एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे निम्मी घराणी ओळखीची निघतात. शेकाट्या तर तोच, लाल लांब पायांचा. तुतवार, चिखल्या, छोटे टिलवे हे उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले पाहुणे ऑक्टोबर ते एप्रिल इथेही असतात, आणि फेब्रुवारीत ते काठावर भरपूर मिळतात. टिटवीची बहीण इथे काळ्या-पांढऱ्या-राखाडी कपड्यात ब्लॅकस्मिथ म्हणून भेटेल. लोहाराने ऐरणीवर हातोडा मारावा तसा तिचा आवाज आहे. वेडा राघू, खंड्या, सुगरण, शिंजीर, खाटीक, धनेश सगळे आहेत, फक्त रंग वेगळे. तेव्हा आधी 'हा कोणत्या घराण्यातला' हे ठरवा, मग पुस्तक उघडा. पहिल्या दिवशी पन्नास नवी नावं पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका.

फ्लेमिंगो दिसलेच तर दोन्ही जाती वेगळ्या करा. भिगवणला तुम्ही बघता तो प्रामुख्याने मोठा रोहित. ठाण्याच्या खाडीत गुलाबी गर्दी करतो तो लहान. नाकुरूत दोघे शेजारी शेजारी उभे असतात. मोठा खूपच उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहान बुटका, गडद, त्याची चोच दुरून काळपट-लाल दिसते. मोठा मान खोल घालून चिखल ढवळतो, कारण तो बारीक किडे-कवचधारी खातो. लहान मात्र पाण्याच्या पृष्ठभागावरच चोच फिरवतो. एकदा ही चोच फिरवण्याची रीत डोळ्यांत बसली की अर्ध्या किलोमीटरवरूनही जात सांगता येते. जिथे नदीचं गोडं पाणी सरोवरात शिरतं तिथे अवश्य थांबा. फ्लेमिंगो प्यायला आणि पिसं धुवायला तिथेच येतात. त्यांच्यावर डोळा ठेवून मत्स्यगरुड आणि मराबू करकोचाही जवळपास बसलेले असतात. पांढऱ्या डोक्याचा, तांबूस पोटाचा मत्स्यगरुड मासे सोडून फ्लेमिंगोही मारतो, हे बघितल्याशिवाय पटत नाही.

काठावरच्या गवतात राखाडी मुकुटधारी क्रौंच जोडीने फिरतात. जगभर त्यांची संख्या घटते आहे आणि ते संकटग्रस्त गणले जातात, तेव्हा एखाद्या जोडीजवळ शांतपणे वेळ घालवा. पश्चिमेला बबून क्लिफ नावाचा कडा आहे. सगळे तिथून सरोवराचा फोटो काढतात आणि परततात. तुम्ही कड्याच्या खडकांवर दुर्बीण लावा. मॉकिंग क्लिफ चॅट हा काळा-तांबूस पक्षी तिथे हमखास असतो आणि दुसऱ्यांचे आवाज बेमालूम काढतो. रॉक हायरॅक उन्हात पसरलेले असतात. मोठ्या सशाएवढा हा प्राणी, पण त्याचं जवळचं नातं हत्तीशी. पूर्वेला लायन हिलच्या उतारावर कँडेलाब्रा निवडुंगाचं दाट रान आहे. आपल्याकडच्या शेराप्रमाणे त्याचाही चीक डोळ्यांना घातक असतो, त्यामुळे फांदी मोडू नका.

आता वेळेचं गणित, कारण सगळं तिथेच जमतं किंवा फसतं. नाकुरू विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आगेमागेच मावळतो. उद्यानाचं फाटक सकाळी सहाला उघडतं, संध्याकाळी सहाला बंद होतं. सकाळी पूर्व काठावर असा, म्हणजे सूर्य पाठीशी आणि पक्षी उजेडात. दुपारनंतर पश्चिमेला, बबून क्लिफकडे जा. उलट केलंत तर दिवसभर काळ्या सावल्या बघाल. दहा ते तीन या वेळात पाण्यावरची हवा तापून थरथरते, दुरचे पक्षी दुर्बिणीत वितळल्यासारखे दिसतात. त्या वेळी दक्षिणेला मकालिया धबधब्याकडच्या झाडीत फिरा किंवा सरळ मुक्कामावर आराम करा. आई-बाबांसाठी हे आवश्यकच आहे. दोन मुक्काम मागतो तो यासाठी: त्यात तुम्हाला दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी मिळतात. एका दुपारीत मिळते ती फक्त थरथरती हवा.

मुक्काम उद्यानाच्या आत परवडत असेल तर आतच करा, पहाटेचा पहिला तास वाचतो. बाहेर राहायचं असेल तर फाटकाजवळ राहा आणि पावणेसहाला रांगेत असा. शहराच्या आतल्या हॉटेलातून निघून सातला फाटकावर पोचणारे गट मी नेहमी बघतो. सकाळचा सगळ्यात चांगला वेळ त्यांचा नाश्त्याच्या टेबलावर गेलेला असतो.

तुमच्या आठ दिवसांची मांडणी मी अशी करेन. मुंबईहून नैरोबी, तिथे एक रात्र. दुसऱ्या दिवशी नैवाशा. ते गोड्या पाण्याचं सरोवर आहे, दोन तासांची नावेची सफर करा. मत्स्यगरुड, पाणघोडे, धीवर अगदी जवळून दिसतात आणि आई-बाबांना गाडीच्या धक्क्यांतून सुट्टी मिळते. तिसऱ्या दिवशी सकाळी नाकुरूकडे निघताना वाटेत एलेमेंटाइटाच्या काठी थांबा. हल्ली फ्लेमिंगो तिथे बरेचदा नाकुरूपेक्षा जास्त असतात आणि काठच्या लॉजमधून पायी पाण्याजवळ जाता येतं. नाकुरूत दोन रात्री. त्यातल्या मधल्या दिवशी सकाळचा फेरा झाल्यावर बोगोरियाला जाऊन येता येईल, एका बाजूचा प्रवास साधारण दोन तासांचा आहे, वाटेत विषुववृत्त ओलांडता. तिथे जमिनीतून उकळतं पाणी उसळतं आणि फ्लेमिंगोंची शक्यता सगळ्यात चांगली. मात्र ते नाकुरूपेक्षा बरंच खाली आणि उष्ण आहे, तिकीटही वेगळं, कारण ते राष्ट्रीय उद्यान नाही, तिथल्या काउंटीच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, ताब्यातलं राखीव क्षेत्र आहे. निघण्याआधी आदल्या रात्री चालकाला फोन करून चौकशी करायला सांगा की पक्षी नेमके कुठे आहेत. चालकांचा एकमेकांशी सतत संपर्क असतो आणि ही माहिती त्यांच्याकडे कुठल्याही संकेतस्थळापेक्षा ताजी मिळते. आई-बाबा थकले असतील तर बोगोरिया बिनदिक्कत सोडा. मग उरलेले दिवस मारा. अंबोसेली या मांडणीत बसत नाही. नाकुरूहून तिथे जायला जवळपास अख्खा दिवस गाडीत जातो, आणि तुमचं मन पक्ष्यांत असेल तर तो सौदा तोट्याचा.

गाडीबद्दल आग्रह धरा. छत वर उचलणारी गाडी हवी आणि ती फक्त तुमच्या कुटुंबासाठी हवी. दुसऱ्या प्रवाशांसोबत जागा वाटून घेतलीत तर पक्ष्यासाठी कुणी थांबणार नाही, सगळ्यांना सिंह हवा असतो. पक्षी दिसला की चालकाला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर दुर्बीण आणि कॅमेरा दोन्ही थरथरतात. दुर्बीण ८ बाय ४२ पुरेशी आहे, पण प्रत्येकाला स्वतःची हवी. एक दुर्बीण चौघांत फिरवली तर चौघांचाही पक्षी उडून जातो. कॅमेऱ्याला तिवई कामाची नाही. जाड कापडाची रिकामी पिशवी शिवून न्या आणि नैरोबीच्या दुकानातून दोन किलो राजमा घेऊन भरा. छताच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. परतताना राजमा चालकाला द्या, त्याच्या घरी गिथेरीत, म्हणजे मका-राजम्याच्या उसळीत, कामी येतो.

ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. बबून क्लिफ आणि मकालियासारख्या ठिकाणी उतरता येतं, पण बबून माकडं तिथे टपूनच असतात. लाडू, चिवडा, केळी काहीही हातात दिसता कामा नये, आणि गाडीच्या काचा बंद करूनच उतरा. त्यांना खाऊ घालू नका. एकदा माणसाच्या हातचं खायची चटक लागली की ती हिंसक होतात आणि शेवटी जीव त्यांचाच जातो.

प्लॅस्टिकची पिशवी केनियात २०१७ पासून बंद आहे, आणि २०२० च्या जूनपासून राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या बाटल्या, कप, चमचेही चालत नाहीत. आपल्याकडे खाऊ भरायची सवय प्लॅस्टिकच्या पिशव्यांतच असते. घरूनच सगळं डब्यांत आणि कापडी पिशव्यांत भरा, पाण्यासाठी स्टीलच्या बाटल्या न्या. शाकाहाराची काळजी नको. नाकुरू शहरात पिढ्यान्‌पिढ्या भारतीय वस्ती आहे, आणि चपाती तर केनियन घरांतही होते. पहाटे गारठा असतो, उघड्या छतातून वारा झोंबतो. आई-बाबांना स्वेटर आणि कानटोपी हवीच.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त गडबड पिवळ्या तापाच्या लसीची होते. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, आणि केंद्रांत तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून महिना-दीड महिना आधी लागा. साठीच्या पुढच्या माणसांना ही लस देण्याआधी डॉक्टर तब्येतीचा नीट विचार करतात. आई-बाबांना घेऊन आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. व्हिसाऐवजी २०२४ पासून प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी काढायची असते, ती केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. मध्ये पैसे उकळणाऱ्या साइट्स पुष्कळ आहेत. ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात.

आगाऊ रक्कम भरण्याआधी सहल कंपनीकडून पुढच्या गोष्टी लेखी घ्या. नाकुरूचं प्रवेशशुल्क दोन्ही दिवसांचं धरलंय का? हे शुल्क डॉलरमध्ये, ऑनलाइन भरावं लागतं आणि बरंच असतं. दर बदलत असतात, उद्यानं सांभाळणाऱ्या केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी संस्थेचा चालू दर स्वतः बघून ताडा. गाडी फक्त आमचीच का, आणि किलोमीटरची मर्यादा आहे का? असेल तर बोगोरियाचे जास्तीचे पैसे आत्ताच सांगा म्हणावं. सकाळचा नाश्ता डब्यात मिळेल का, म्हणजे सहाला आत शिरता येईल. आणि चालक-मार्गदर्शक पक्षी ओळखणारा हवा, असं स्पष्ट लिहा. केनियात मार्गदर्शकांच्या परीक्षा होतात आणि त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा श्रेणी असतात. पक्ष्यांत रस असलेला रौप्य श्रेणीचा माणूस मागितलात तर थोडे पैसे जास्त पडतील, पण ते द्या. लॉजची एक पायरी खाली उतरवून मार्गदर्शकाची एक पायरी वर चढवायची वेळ आली, तरी माझी निवड तीच राहील.